यशासाठी हाल सोसावेच लागतात का? (संदर्भ : पोलीस भरती, नागपूर)

भाच्याची_मावशी विचारतात :

नमस्कार. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये एक समज फार घट्ट बसलेला दिसतो. दुपारच्या उन्हात पळायचं, पळताना पाणी प्यायचं नाही, रात्री चार तास झोप, एक वेळ जेवण. का, तर शरीर आणि मन 'तयार' होतं म्हणे. मैदानावर कोणाला काही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. निकाल लागला की पेपरात बातमीही तशीच असते : वडील रिक्षा चालवतात, आई धुणीभांडी करते, पोराने रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला.

भाचा सध्या नागपुरात बर्डीजवळ (सीताबर्डी) रूम करून राहतो आणि त्याच्या क्लासमध्येही हेच चालतं. माझे प्रश्न असे. मेहनत कुठे संपते आणि नुसते हाल कुठे सुरू होतात, हे मोजता येतं का? हाल सोसून पुढे गेलेले लोक हालांमुळे पुढे गेले की हाल असूनही? आणि मे महिन्यात नागपुरात नेमकं काय करावं? उपदेश नको. आकडे आणि कारणं सांगा.

---

लाल_माती :

ताई, मी मैदानापुरतं लिहितो. अभ्यासाचं बाकीचे जाणकार सांगतील.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. किती सोसलं याला यात एकही गुण नाही. घड्याळ काय म्हणतं आणि टेप काय म्हणतो, एवढंच. १६०० ला पूर्ण २० हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ४०० ची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, सलग चार वेळा. मेहनत कोणती आणि हाल कोणते हे या आकड्यावरच तपासायचं. ज्या सरावाने ७७ ची फेरी पायांच्या अंगवळणी पडते ती मेहनत. दुपारी तीनला ४४ डिग्रीत तोच मुलगा ९५ ने फेऱ्या मारतो, कारण रक्त एकाच वेळी स्नायूंनाही पुरवायचं असतं आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही. वेग घसरणारच. दमला दुप्पट आणि पाय शिकले ९५ चा वेग.

आठवड्यात पाच दिवस पळणं पुरे. त्यातले दोनच कडक. एका दिवशी ४०० च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ७७-७८ सेकंद, मधे दीड-दोन मिनिटं चालत विश्रांती. दुसऱ्या दिवशी २०० मीटर आठ ते दहा वेळा, ३६-३७ सेकंदांत. सध्या १६०० ला सहा मिनिटं लागत असतील तर ४०० ची फेरी ८६ पासून सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांनी एक-दीड सेकंद कमी करत या. ठरलेल्या वेळेपेक्षा चार-पाच सेकंद जास्त लागायला लागले की तो दिवस तिथेच संपवायचा, मग दोन फेऱ्या शिल्लक असल्या तरी. उरलेले तीन दिवस सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं हळू. पोरं नेमकी इथे फसतात. हळू दिवशी आपसात शर्यत लावतात, मग कडक दिवशी पाय उचलत नाहीत, मग वाटतं आपली मेहनत कमी पडते, मग आणखी पळतात.

नडगीचं वेगळं सांगतो, कारण भरतीच्या मुलांची तयारी सगळ्यात जास्त तिथे मोडते. हाडावर ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड कुरतडून काढतं आणि नवं नंतर भरतं. या दोन्हींत काही आठवड्यांचं अंतर असतं. म्हणून एकदम सराव वाढवणाऱ्याचं हाड साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला दम वाढल्यासारखं वाटत असतं, कारण फुप्फुसं आणि हृदय हाडापेक्षा लवकर तयार होतात. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर पळणं निम्मं करा, जमीन बदला. एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, तर पळणं बंद आणि हाडाचा डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेत अशी बारीक चीर बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळ' हे ऐकू नका. यात 'सोसलं' तर सहा-आठ आठवड्यांची विश्रांती सक्तीने घ्यावी लागते. आपल्याकडे गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते झालेत, त्यांवर रोज पळणं टाळा. मातीचं मैदान शोधा, लांब पडलं तरी.

आता ऊन. यात एक गोष्ट खरी आहे. उष्णतेची सवय होते, आणि ती उपयोगी असते, कारण चाचणी उकाड्यात येऊ शकते (२०२४ ची १९ जूनपासून सुरू झाली). पण ती सवय सात ते चौदा दिवसांत लागते, रोज तासभर हलक्या व्यायामाने. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यासाठी सकाळी साडेसात-आठचं नागपूरचं ऊन पुष्कळ झालं. कडक सराव पाचला सुरू करून सातच्या आत संपवा. पाणी तोडण्याची मात्र सवय कधीच होत नाही. शरीर कमी पाण्यात चालायला शिकत नाही, फक्त कमी काम करतं. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम गेला. ६० किलोच्या मुलाचं सव्वा किलोहून जास्त घटत असेल तर पुढचा सराव आधीच बिघडलेला आहे. गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट पुढच्या काही तासांत भरून काढा. १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. किंवा मीठ घातलेलं पन्हं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही धोक्याचं.

---

वऱ्हाडी_ठेचा :

लाल मातीभाऊनं बरोबर सांगितलं. माहं एवढंच म्हणणं हाय, दुपारी तीनले पोट्टे पळून राहिले असन तं त्या मास्तरलेच पह्यले अर्धा घंटा पाण्याबिगर उभं करा. पारा ४५ वर गेला का हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट धरते, आन् नवतपात (मे अखेरचे नऊ कडक दिवस) आपल्याकडे ४५ म्हणजे काही नवल नाही. मे २०२४ च्या शेवटी तं आपल्या इथल्या एका केंद्रानं ५६ डिग्री दाखवली होती! मंग समजलं का सेन्सरच बिघडला होता. मशीन बी दम तोडते नागपुरात.

एक कामाचं सांगतो. पळता पळता पोट्ट्याच्या अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, बोलणं बरळल्यासारखं झालं, पाय वाकडे पडून राहिले, तं त्याले 'दम धर' म्हणू नका. तो उष्माघात असू शकते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाण्याची बादलीच ओता, मान-काखा-जांघेत बर्फ लावा, वरून वारा घाला. पह्यले थंड करणं, मंग दवाखाना. १०८ ले फोन थंड करता करताच लावा. शुद्धीत नसला तं तोंडात पाणी टाकू नका, श्वासनलिकेत जाते. दुसऱ्या दिवशी लघवी कोकाकोलासारखी काळी-लाल झाली तं तसाच सरकारी दवाखान्यात न्या, मांसपेशी फाटून किडनीवर आलेलं असते.

---

अभ्यासिका_क्रमांक_सात :

लेखी परीक्षेचं मी सांगते. १०० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, त्यातही गणित-बुद्धिमत्तेला मिनिटापेक्षा जास्त जाणार, म्हणून व्याकरण आणि सामान्य ज्ञान ३०-३५ सेकंदांत सुटलं पाहिजे.

आधी झोपेचं. चार तास झोपून वाचणं हे अभिमानाने सांगितलं जातं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं आणि लक्ष किती टिकतं ते रोज मोजलं. सहा तासवाल्यांची अवस्था चौदाव्या दिवशी एक अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली, चार तासवाल्यांची दोन रात्री जागल्यासारखी. खरी गोम पुढे आहे. काही दिवसांनंतर आपण आणखी थकत चाललोय हे त्यांना स्वतःला जाणवतच नव्हतं. त्यामुळे 'मला चार तासांची सवय झालीय' हे सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. त्याला वाद घालून पटवू नका. साडेसात तास झोपून एक सराव पेपर आणि चार तास झोपून एक, दोन्हींचे गुण शेजारी ठेवा.

अभ्यासात त्रास लागतो, हे मात्र मी मान्य करते. फक्त तो विशिष्ट प्रकारचा असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करणारे त्यांना मागे टाकतात. आठवताना डोक्याला जो ताण पडतो, चुकल्यावर जी चरफड होते, ती हवीच. अभ्यासिकेत दहा तास पिवळ्या मार्करने रेघा मारणाऱ्याची पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, पण हा ताण त्याने घेतलेलाच नसतो. सगळ्यात जास्त कष्ट केल्याची भावना आणि सगळ्यात कमी लक्षात राहणं, दोन्ही एकाच पद्धतीत मिळतं.

एक गणित घ्या. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत, दोघे मिळून किती? १/१२ अधिक १/१८ म्हणजे ५/३६, उत्तर ७.२ दिवस. याच धर्तीची वीस गणितं ओळीने सोडवली तर पाचव्यापासून हात आपोआप चालतो. छान वाटतं, उपयोग थोडा. कारण परीक्षेत अवघड काम गणित सोडवण्याचं नसतं, हे काळ-कामाचं की गुणोत्तराचं की सरासरीचं हे ओळखण्याचं असतं, आणि ओळीने सोडवताना नेमकी तीच पायरी गळते. म्हणून वीस गणितं घ्यायची तर पाच प्रकारची सरमिसळ करून घ्या. वेग मंदावेल, चुका वाढतील, चिडचिड होईल. होऊ द्या. व्याकरणातही तेच : फक्त समासाचे पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा समास, संधी, प्रयोग, विभक्ती मिसळून पन्नास.

धडा पहिल्यांदा झाला की दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास पुस्तक मिटून त्याचे मुद्दे लिहून काढा. सराव पेपरानंतर चुकांची वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. 'अयोग्य विधान ओळखा' यातला 'अ' निसटून गेलेले गुण बहुतेक मुलांच्या वहीत ढिगाने सापडतात. त्यावर जास्त तास अभ्यास हा उपाय नाही. प्रश्नातल्या 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' या शब्दांखाली पेनाने रेघ मारायची सवय हा उपाय आहे.

---

उलट_बाजू :

वरचं सगळं मान्य, पण सूर थोडा 'हाल म्हणजे वाईटच' असा लागतोय. तसंही नाही. सीरी, होल्मन आणि सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१० च्या अभ्यासात आयुष्यात थोड्याफार अडचणी आलेल्या लोकांची मानसिक स्थिती, काहीच अडचणी न आलेल्यांपेक्षाही चांगली दिसली होती. अर्थात फार अडचणी आलेल्यांची वाईटच होती. आणि हा नुसता संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण 'कष्टाने माणूस घडतो' हे म्हणणं अगदी हवेतलं नाही.

माझ्या मते फरक किती सोसलं यात नाही, सुटका कोणाच्या हातात होती यात आहे. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत (आज ते कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये). दोन गटांना सारखेच विजेचे झटके. एका गटाला नाकाने पट्टी दाबून झटका थांबवता येई, दुसऱ्याचं काहीच चालत नसे. पुढे दोघांनाही उडी मारून सहज सुटता येईल अशा पेटीत ठेवलं, तर पहिल्या गटाने उडी मारायला शिकून घेतलं आणि दुसऱ्यातले बरेचसे झटके खात पडून राहिले. वेदना दोघांची सारखीच होती. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन धरून जुना अर्थ उलटा केला : लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं हीच मूळ प्रतिक्रिया असते, आणि 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे मेंदूला शिकावं लागतं.

क्लासमध्ये याचा अर्थ असा. 'उशीर झाला, ५० उठाबशा काढ' हे चालेल, कारण उद्या वेळेवर आलं की सुटका आहे. 'तुझा चेहरा आवडला नाही, आणखी पाच फेऱ्या' यातून मुलगा फक्त एवढं शिकतो की आपलं काही चालत नाही. मावशींनी भाच्याला एकच विचारावं : काय केलं की शिक्षा टळते, हे तुला आधी माहीत असतं का?

परीक्षेच्या दडपणाचा सरावही मुद्दाम करायला हवा, पण मापात. आठवड्यातून एक पेपर गैरसोयीत सोडवा : पंखा बंद, बाहेर वर्दळ, ९० मिनिटांचं घड्याळ समोर, उत्तरपत्रिकेतले गोळे काळ्या पेनाने भरूनच. गोळे भरण्यातच सहा-सात मिनिटं जातात, हे घरी फक्त टिकमार्क करणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी कळतं.

---

इतवारी_ते_अजनी :

बातम्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून. यूपीएससीला दहा लाखांच्या आसपास अर्ज जातात आणि जागा हजाराच्या आसपास असतात. रिक्षावाल्याच्या एका यशस्वी मुलाची बातमी छापताना, तितकेच हाल सोसून घरी परतलेल्या शेकडो मुलांकडे वार्ताहर जात नाही. दोन्हीकडे हाल सारखेच असतील तर निकालातला फरक हालांमुळे पडला असं म्हणता येत नाही. बातमी पुन्हा वाचा आणि हाल सोडून बाकी काय होतं ते शोधा. बहुतेक वेळा तिसऱ्या परिच्छेदात मोठ्या भावाची नोकरी, फी माफ केलेले सर, मामाकडची खोली, असं काहीतरी सापडतंच. मथळ्यात ते येत नाही.

हाल असूनही की हालांमुळे, याचं यापेक्षा थेट उत्तर तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरच्या २०१३ च्या अभ्यासात आहे. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी ऊस जाण्याआधी हात तंग असताना आणि पैसे आल्यावर अशी दोनदा घेतली. तंगीत गुण कमी आले. माणूस तोच, अक्कल तीच, पण डोक्याचा एक भाग देणेकऱ्यांत गुंतलेला. मेसचे पैसे कसे भरायचे या विचारात बसलेल्या मुलाचा अभ्यास याच कारणाने कमी होतो, आणि त्याला आपण जिद्दीवर भाषण देतो.

म्हणून पैशाची सोय हा तयारीचाच भाग धरा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी त्यांची स्पर्धा परीक्षांची प्रशिक्षणं असतात. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या सरकारी संस्थांच्याही योजना त्या त्या प्रवर्गांसाठी आहेत. कॉलेजात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलाला सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. जाहिरात आल्यावर जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आधार जोडलेलं बँक खातं यांपैकी एक कागद कमी म्हणून मुलं बाद होतात. हे कागद आत्ताच काढून ठेवा.

एक वेळ जेवण तर आजच बंद करा. ६० किलोच्या पळणाऱ्या मुलाला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ५० ग्रॅम सोया वडीत २५, १०० ग्रॅम फुटाण्यांत २०, तीन अंड्यांत १८, उरलेली डाळ-पोळी-दह्यातून येतात. महागडा डबा नको. आणि पळून आल्यावर टपरीवरचे तर्री पोहे खाल्ले तर खुशाल खा, पण ते चण्यांसकट, नुसती तर्री नव्हे.

---

भाच्याची_मावशी :

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. शिक्षेच्या प्रश्नावर तो गप्प बसला, त्यावरून कळलं. दोन गोष्टी राहिल्या. शरीर थकत चाललंय हे पळणाऱ्याला आधी कसं कळावं? आणि चाचणीची तारीख आल्यावर शेवटचे पंधरा दिवस क्लासवाले सराव दुप्पट करतात, ते बरोबर का?

---

लाल_माती :

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. आठवडाभरात नेहमीचा आकडा कळतो. त्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त, सलग दोन-तीन दिवस, आणि सोबत झोप उडालेली किंवा भूक मेलेली असेल तर कडक दिवस हळू करा. ताप असेल तर पळूच नका.

शेवटच्या पंधरा दिवसांत दुप्पट करणं साफ चूक. इतक्या कमी वेळात नवा दम तयार होऊन कामी येत नाही, नवा थकवा मात्र नक्की सोबत जातो. पळण्याचं एकूण अंतर पहिल्या आठवड्यात तीस टक्क्यांनी आणि दुसऱ्यात निम्म्याहून कमी करा, पण वेग कमी करू नका. सहाच्या ऐवजी ४०० च्या तीनच फेऱ्या, त्याच ७७ ने. गोळा ७.२६० किलोचाच घ्या, दिवसाला आठ-दहा फेका पुरेत, चाचणीच्या तीन दिवस आधी बंद. या काळात पाय शिवशिवतात, आपण आळशी झालो असं वाटून पोरं चोरून लांब पळून येतात, तेवढं लक्ष ठेवा. नवे बूट या पंधरवड्यात अजिबात नाही. चाचणीला जे घालायचे त्यांत आधीच पाच-सहा कडक सराव झालेले असावेत. १६०० ची पहिली फेरी गर्दीच्या रेट्यात ७० ने निघते आणि तिसरीत त्याची वसुली होते, म्हणून पहिले २०० मीटर ३९ च्या आत जायचं नाही, हे त्याच्याकडून चार वेळा घड्याळावर करून घ्या.